राजवाडे, बाबासाहेब आणि आमच्या घरचं लग्न

वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून इथंच आहे. आम्ही देवपूरवाले. पांझरेचा पूल ओलांडला की जुनं धुळं. तरी त्यांचं 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' आमच्या वस्तीत कुणी वाचलेलं नाही. मी रात्रपाळी सांभाळून वाचलं, म्हणून लिहितो.

पुस्तकाचं मोठेपण आधी कबूल करतो. लग्न देवानं लावलेलं नाही, माणसानं हळूहळू घडवलंय, हे राजवाडे वेद-महाभारतातूनच दाखवतात. उद्दालकाच्या बायकोला एक परका ब्राह्मण हाताला धरून नेतो. बाप म्हणतो, ही जुनी चालच आहे. पोरगा श्वेतकेतू चिडतो आणि नवा नियम घालतो. सनातन्यांच्या कानफटात बसणारी गोष्ट! जे माणसानं घडवलं ते माणसाला मोडताही येतं.

पण राजवाडे पोथीतच थांबतात. त्यांच्या इतिहासात माझी आजी नाही. आमच्यात काडीमोड होती, पाट होता. पाटाच्या बाईला लग्नाच्या बाईइतका मान नव्हता, हेही खरं. पण नवरा मेला म्हणून तिचं जगणं संपत नव्हतं. तिकडे ब्राह्मणाघरी विधवेचं डोकं भादरत होते. या दोन रीती शेजारी ठेवल्याशिवाय हा इतिहास पुरा कसा होणार?

हा फरक का, ते बाबासाहेबांनी सांगितलं. ९ मे १९१६, कोलंबिया विद्यापीठ, वय पंचवीस. जात म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. विधवा मोकळी राहिली तर जातीबाहेर लग्न करील, म्हणून सती, नाहीतर सक्तीचं वैधव्य. विधुराला जातीतच ठेवायचं, म्हणून त्याच्या गळ्यात कोवळी पोर. वरच्यांनी हे केलं, खालच्यांनी नक्कल केली. ती नक्कल आपण अजून करतोय. आजीच्या पाटाची आज आपल्याला लाज वाटते!

आता माझंच सांगतो. माझ्या खात्यातला एक जोडीदार, बौद्ध. मातंगाच्या मुलीशी लग्न करतो म्हणाला. त्याची आई म्हणाली, "आपली जातनीच पोर देख." भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. बसलेल्यांना बावीस प्रतिज्ञा पाठ. सगळ्यांनी माना डोलावल्या. विद्रोहाच्या कविता लिहिणारा मी तिथंच होतो. गप्प बसलो. त्या मुलीचं लग्न दुसरीकडे झालं.

मित्रांनो, त्रिशरण-पंचशील म्हणून लावलेल्या लग्नात हुंडा असेल, बायोडाट्यात पोटजात असेल, तर आपण फक्त भटजी बदलला. विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे. त्यात जातीची अट नाही, धर्म बदलावा लागत नाही. नोटीस मात्र तीस दिवस लागते. ते तीस दिवस त्या दोघांच्या पाठीशी कोण उभं राहणार?

राजवाडे वाचा, त्यांच्याशी भांडा. आणि बाबासाहेबांचा तो निबंध घरात वाचा, चुलीजवळ बसलेल्या आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

जयभीम.