कलम ५८ : एका अधिकाराचे दोन इतिहास

युरोपचे राजकीय एकीकरण मराठी वाचकाला दोन शब्दांतून भेटते : ‘महासंघ’ आणि ‘आयोग’. दोन्ही शब्द थोडे फसवे आहेत. महासंघ म्हटले की आपल्याला कामगार किंवा शिक्षक संघटनांचे शिखर मंडळ आठवते. आयोग म्हटले की वेतन आयोग, चौकशी आयोग. म्हणजे अहवाल सादर करून विसर्जित होणारी मंडळी. ब्रुसेल्समधील युरोपीय आयोग मात्र कायद्यांचे मसुदे तयार करतो, बलाढ्य कंपन्यांना दंड ठोठावतो आणि नियम मोडणाऱ्या सरकारांना न्यायालयात खेचतो. त्याच्याकडे पोलीस नाहीत, सैन्य नाही, आयकर वसूल करण्याचा अधिकार नाही. तरीही त्याचा शब्द चालतो. का चालतो, आणि केव्हा चालत नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाची दोन प्रस्थापित उत्तरे आहेत. अर्न्स्ट हास या अभ्यासकाने १९५८ साली ‘द युनायटिंग ऑफ युरोप’ या ग्रंथात मांडले की एका क्षेत्रातले एकीकरण शेजारच्या क्षेत्रात झिरपते, हितसंबंध हळूहळू नव्या केंद्राकडे वळतात आणि त्या केंद्राचे बळ वाढत जाते. याच्या उलट, ब्रिटिश आर्थिक इतिहासकार ॲलन मिलवर्ड यांनी १९९२ च्या ‘द युरोपियन रेस्क्यू ऑफ द नेशन-स्टेट’मध्ये दाखवले की राष्ट्रांनी आपले अधिकार सोडले ते स्वतःला सावरण्यासाठी. एकीकरणाने राष्ट्रराज्य संपले नाही, उलट ते वाचले.

मी कोणत्याही विद्यापीठाचा नाही; करार आणि त्यांवरचे ग्रंथ मी शब्दकोश शेजारी ठेवून, सवडीने वाचत आलो आहे. अशा वाचनाचा एक फायदा असतो. कोणत्या पंथाचे व्हायचे याची घाई नसते. दोन्ही उत्तरे तपासण्यासाठी मी एकच कसोटी निवडली आहे : १९५१ च्या पॅरिस कराराचे कलम ५८. हे कलम दोनदा ऐरणीवर आले, १९५९ मध्ये आणि १९८० मध्ये. शब्द तेच होते, निकाल उलटे लागले.

उच्च प्राधिकरणाचा जन्म

९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी पॅरिसमध्ये एक निवेदन वाचून दाखवले. मसुदा झाँ मोने आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांचा होता. फ्रान्स आणि जर्मनीचे कोळसा व पोलाद उत्पादन एका ‘उच्च प्राधिकरणा’खाली आणावे, इतर देशांनाही त्यात येता यावे आणि त्या प्राधिकरणाचे निर्णय सर्वांवर बंधनकारक असावेत, असा प्रस्ताव होता. युद्ध संपून जेमतेम पाच वर्षे झाली होती. तोफा ज्यापासून ओतल्या जातात तेच दोन पदार्थ निवडण्यामागचा हेतू उघड होता.

१८ एप्रिल १९५१ रोजी सहा देशांनी करारावर सह्या केल्या. १० ऑगस्ट १९५२ रोजी लक्झेंबर्गमध्ये प्राधिकरणाचे काम सुरू झाले. नऊ सदस्य, सहा वर्षांची मुदत आणि पहिले अध्यक्ष स्वतः मोने. सदस्यांनी कोणत्याही सरकारकडून सूचना घ्यायच्या नाहीत, असे करारात लिहिले होते; त्यांच्या कामाचे वर्णन करताना ‘अधिराष्ट्रीय’ हा शब्दही त्यात होता. कोळसा-पोलादाच्या उत्पादनावर प्राधिकरण थेट आकारणी बसवू शकत होते, एक टक्क्याच्या मर्यादेपर्यंत. १९५४ मध्ये त्याने अमेरिकेकडून १० कोटी डॉलरचे कर्जही उभारले. सरकारांच्या दारात हात न पसरता पैसा उभा करणारी ही संस्था त्या काळात अपूर्वच होती.

पण मोन्यांच्या मूळ कल्पनेत नसलेली एक गोष्ट वाटाघाटींत डचांच्या आग्रहाने आली : मंत्रिपरिषद. सहा सरकारांचे मंत्री प्राधिकरणाशेजारी बसणार आणि काही महत्त्वाच्या निर्णयांना त्यांची मान्यता लागणार. कलम ५८ हा त्यातलाच एक निर्णय. मागणी कोसळून ‘उघड संकट’ उद्भवले तर प्राधिकरणाने प्रत्येक खाणीला, प्रत्येक कारखान्याला उत्पादनाची मर्यादा ठरवून द्यावी. मात्र त्याआधी मंत्रिपरिषदेची संमती घ्यावी. कागदावर इतका मोठा अधिकार क्वचितच कुणा आंतरराष्ट्रीय संस्थेला मिळाला असेल. त्याची किल्ली मात्र शेजारच्या खोलीत ठेवली होती.

अधिकाराची दुसरी मर्यादा ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधील मार्सिनेलच्या खाणीत दिसली. आगीत २६२ कामगार मेले, त्यांतले १३६ इटलीतून आलेले होते. या खाणीच्या कोळशाच्या बाजाराची काळजी प्राधिकरणाने वाहायची होती. तिच्यातल्या माणसांच्या सुरक्षिततेचे नियम मात्र राष्ट्रीय सरकारांच्या हाती होते. दुर्घटनेनंतर परिषद भरली, खाण सुरक्षेसाठी कायम मंडळ नेमले गेले. तरी नियम करण्याची सत्ता राजधान्यांतच राहिली.

१९५९ : किल्ली मिळाली नाही

१९५८ पासून कोळशाचे दिवस फिरले. जहाजवाहतूक स्वस्त झाल्याने अमेरिकन कोळसा युरोपात कमी दरात पोहोचू लागला आणि खनिज तेलही बाजारात शिरले. खाणींच्या तोंडाशी न विकलेल्या कोळशाचे ढीग वाढू लागले. सर्वांत मोठा फटका बेल्जियमला बसला. तिथल्या खाणी जुन्या, खोल आणि महागड्या होत्या. फेब्रुवारी १९५९ मध्ये बोरिनाज भागात खाणी बंद होण्याच्या बातमीने संप पेटला.

प्राधिकरणाचे अध्यक्ष तेव्हा पोल फिने होते, बेल्जियमच्याच कामगार चळवळीतून आलेले. प्राधिकरणाने कलम ५८ पुढे केले : संकट जाहीर करू, उत्पादनाला मर्यादा घालू, आयात आवरू. १४ मे १९५९ रोजी मंत्रिपरिषदेने संमती नाकारली. फ्रान्स, जर्मनी आणि इटली हे तिन्ही मोठे देश विरोधात होते.

या नकाराचे कारण द गॉल यांच्या राष्ट्रवादात शोधण्याची सवय आहे. मला ते कारण अपुरे वाटते. प्रत्येकाकडे स्वतःचे हत्यार होते, हे खरे कारण. जर्मनीने बाहेरच्या कोळशावर आयात शुल्क बसवले. फ्रान्समध्ये खाणी सरकारी होत्या आणि आयातही सरकारी नियंत्रणाखाली होती. इटली तर ग्राहक. तिला स्वस्त कोळसा हवाच होता. घरच्या घरी उपाय असताना लक्झेंबर्गच्या नऊ जणांना आपल्या खाणींचे आकडे ठरवू देण्याची गरज कुणालाच नव्हती. वर्षाअखेरीस प्राधिकरणाने दुसऱ्या एका कलमाचा आधार घेऊन बेल्जियमचा कोळसा बाजार इतरांपासून तात्पुरता वेगळा काढला. एकत्र बाजार उभारण्यासाठी जन्मलेल्या संस्थेवर तो तोडण्याची वेळ आली. हासचा ग्रंथ येऊन जेमतेम वर्ष झाले होते, आणि त्याने ज्या संस्थेचा अभ्यास केला होता तिचेच बळ ओसरू लागले होते.

नाव लहान, काम मोठे

दरम्यान रोमच्या करारानुसार १ जानेवारी १९५८ पासून आर्थिक समुदायाचा नवा आयोग कामाला लागला होता. १९५४ मध्ये फ्रेंच संसदेने युरोपीय संरक्षण समुदायाचा करार फेटाळल्यापासून राजधान्या शब्दांबाबत सावध झाल्या होत्या. ‘उच्च प्राधिकरण’ जाऊन ‘आयोग’ आला. ‘अधिराष्ट्रीय’ शब्द गळाला. अंतिम निर्णय मंत्रिपरिषदेचे राहिले.

पण करारात एक साधी दिसणारी तरतूद होती. आयोगाने प्रस्ताव मांडल्याशिवाय मंत्रिपरिषदेला बहुतेक बाबतींत कायदा करता येत नव्हता, आणि प्रस्तावात बदल करायचा तर एकमत लागत होते. अंतिम सही दुसऱ्याची, पण टिपण नेहमी आपले. कोणत्याही कचेरीत टिपण लिहिणाऱ्या कारकुनाचे वजन ज्याने पाहिले आहे, त्याला या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको. १९६२ च्या सतराव्या विनियमाने कंपन्यांमधील संगनमत शोधून दंड करण्याचे अधिकारही आयोगाकडे आले.

पहिले अध्यक्ष वाल्टर हालश्टाइन यांनी १९६५ मध्ये शेती धोरणाच्या निधीशी समुदायाचे स्वतःचे उत्पन्न आणि युरोपीय सभेचे अधिकार जोडून झेप घेतली. फ्रान्सने सात महिने मंत्रिपरिषदेतील आपली खुर्ची रिकामी ठेवली. जानेवारी १९६६ च्या लक्झेंबर्ग समझोत्याने ‘अत्यंत महत्त्वाच्या’ हितसंबंधांवर नकाराधिकार व्यवहारात मान्य झाला. १ जुलै १९६७ रोजी प्राधिकरण आणि आयोग एकत्र झाले. कोळसा-पोलादाचे अधिकार, आणि त्यांबरोबर झोपलेले कलम ५८, आयोगाच्या वाट्याला आले.

१९८० : किल्ली मिळाली

१९७४ नंतर पोलादाची मागणी घसरली. आयोगात उद्योग खाते सांभाळणारे बेल्जियमचे एत्येन दाविन्यों यांनी आधी सौम्य मार्ग धरला : किमान किमती आणि कंपन्यांच्या संघटनेमार्फत स्वेच्छेने उत्पादन कपात. १९८० च्या उन्हाळ्यात ही स्वेच्छा मोडली. दुसऱ्याने कपात करावी आणि आपण विकत राहावे, असे प्रत्येकालाच वाटत होते. ऑक्टोबर १९८० मध्ये आयोगाने ‘उघड संकट’ जाहीर करण्याची परवानगी मागितली. जर्मनीने आधी विरोध केला, अखेर मान्यता दिली. कारखान्यागणिक मर्यादा ठरल्या, निरीक्षक फिरले, मर्यादा ओलांडणाऱ्यांना दंड झाले. ही व्यवस्था १९८८ पर्यंत टिकली.

एकवीस वर्षांत काय बदलले? हासचे झिरपणे म्हणावे, तर मधल्या काळात रिकामी खुर्ची आणि नकाराधिकार येऊन गेले होते. १९६८ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हासनेही आपल्या मांडणीचा फेरविचार केला होता. मिलवर्ड यांच्या ग्रंथात बेल्जियमच्या कोळशावरचे प्रकरण उत्तम आहे. पण ‘राज्यांना हवे होते म्हणून झाले’ हे उत्तर १९५९ लाही लागू पडते आणि १९८० लाही. दोन्ही कुलुपांना बसणाऱ्या किल्लीने त्यांच्यातला फरक कसा कळणार?

माझ्या मते फरक दोन गोष्टींचा होता. एक, १९८० मध्ये घरचे उपाय संपले होते. प्रत्येक सरकार आपल्या कारखान्यांत अनुदान ओतत होते आणि शेजाऱ्याच्या अनुदानाला भीत होते. तोटा वाटून द्यायला कुणीतरी तिसरा हवा होता, आणि शिव्या खायलाही. दोन, तो तिसरा तयारीत होता. आकडे मागवणे, कारखान्यांची दप्तरे तपासणे, न्यायालयात टिकेल असा आदेश लिहिणे, हा सराव आयोगाला मधल्या दोन दशकांत झाला होता. पहिली गोष्ट मिलवर्डच्या बाजूची आहे, दुसरी हासच्या. एकट्या गरजेने १९८० चा निर्णय अमलात आला नसता, आणि एकट्या तयारीने मंत्र्यांची संमती मिळाली नसती.

हाच नमुना पुढे पुन्हा दिसला. मार्च २०२० मध्ये महासाथीच्या सुरुवातीला सदस्य देशांनी एकमेकांनाही मास्क विकण्यावर निर्बंध घातले. काही महिन्यांतच त्याच देशांनी सर्वांसाठी लस खरेदी करण्याचे काम आयोगावर सोपवले.

शिव्या कुणाला?

या इतिहासातली न सुटलेली गाठ इथे आहे. संकटात अधिकार वर जातो, पण जाब विचारण्याची जागा त्याच्यामागून जात नाही. लोरेनचे पोलाद कामगार मार्च १९७९ मध्ये मोर्चा घेऊन गेले ते पॅरिसला. वर्षभराने उत्पादनाचे आकडे ब्रुसेल्समध्ये ठरू लागले. त्या दशकात लाखो पोलाद कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. पुनर्प्रशिक्षणाचा पैसा समुदायाने दिला. आपला कारखाना का निवडला, याचे उत्तर देणारा माणूस त्यांच्या मतपेटीच्या कक्षेत नव्हता.

संपूर्ण कार्यकारी मंडळाला दोन-तृतीयांश मतांनी घरी पाठवण्याचा अधिकार सभेला १९५१ पासून आहे. असा ठराव आजवर एकदाही संमत झालेला नाही. मार्च १९९९ मध्ये गैरव्यवस्थापनाच्या अहवालानंतर झाक सांतेर यांच्या आयोगाने राजीनामा दिला, तो ठरावाच्या धाकाने. लशींच्या करारांची पुरेशी माहिती जनतेला दिली नाही, असे युरोपीय न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आयोगाला सुनावले, तेव्हा साथ ओसरून गेली होती.

२३ जुलै २००२ रोजी पॅरिस कराराची पन्नास वर्षांची मुदत संपली आणि कलम ५८ इतिहासजमा झाले. ते गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण राष्ट्रांच्या वरची सत्ता कशी जन्मते याचा अभ्यास भरपूर झाला आहे. बोरिनाजच्या खाणकामगाराने किंवा लोरेनच्या पोलाद कामगाराने तिला जाब कुठे विचारायचा, या प्रश्नावर तितक्याच चिकाटीने लिहिलेला ग्रंथ मला अजून वाचायला मिळालेला नाही.