दोन नोंदी

हार्पर ली यांची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. पुढील वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९६२ च्या चित्रपटाने तिची कीर्ती दूरवर नेली. तिच्या स्तुतीत भर घालण्याचा आमचा हेतू नाही. ज्यांचा दिवस टिपणे लिहिण्यात आणि शेरे वाचण्यात जातो, अशा आम्हां कारकून मंडळींस तिच्यात एक गोष्ट दिसते आणि खुपते. तेवढीच येथे मांडावयाची आहे.

कथा घडते अलाबामा राज्यातील मेकॉम या कल्पित गावी, १९३३ ते १९३५ या मंदीच्या वर्षांत. निवेदिका स्काउट आरंभी पुरती सहा वर्षांचीही नाही. सांगणारा आवाज मात्र मोठेपणीचा आहे. पाहणे मुलीचे आणि सांगणे प्रौढ स्त्रीचे, हा अवघड मेळ लेखिकेने उत्तम साधला आहे. शेजारच्या बंद घरातील बू रॅडली मुलांना प्रथम भुतासारखा वाटतो. झाडाच्या ढोलीत कोणी ठेवलेल्या लहानसहान वस्तूंतून त्याचे माणूसपण हळूहळू उलगडते. पूर्वग्रह कसा जडतो आणि कसा गळून पडतो, याचा हा पहिला धडा आहे.

दुसरा धडा न्यायालयात मिळतो. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर एका गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा आरोप आहे. त्याचा डावा हात लहानपणीच सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. तरुणीला मार लागला आहे तो चेहऱ्याच्या उजव्या बाजूस. आणि तिचा बाप बॉब युएल डावखुरा. स्काउटचे वडील, वकील अ‍ॅटिकस फिंच, हे सारे उघड करून दाखवितात. साक्षी, उलटतपासणी, न्यायाधीशांचे सौजन्य, सर्व काही यथासांग पार पडते. आणि गोरे ज्यूरी टॉमला दोषी ठरवितात. हा कल्पनेचा अतिरेक नव्हे. १९३१ साली याच राज्यात स्कॉट्सबरो येथे नऊ कृष्णवर्णीय मुलांवर असाच आरोप आला, आणि त्यांतील आठांना काही दिवसांतच देहान्ताची शिक्षा फर्माविण्यात आली.

पुढे तुरुंगातून पळू पाहणाऱ्या टॉमला पहारेकरी गोळ्या घालतात. शरीरांत सतरा गोळ्या! कागदावर हेही नियमबाह्य नाही.

आता शेवट पाहावा. सूडाने पेटलेला युएल रात्री मुलांवर हल्ला करतो. बू त्यांना वाचवितो आणि त्या झटापटीत युएल मरतो. शेरीफ ठरवितो की, युएल स्वतःच्याच सुरीवर पडला अशी नोंद करावयाची. त्या लाजऱ्या माणसाला गावापुढे ओढावयाचे नाही. टॉम हकनाक गेला, याचा हिशेबही तो त्या वेळी मांडतो. सत्याचा आग्रह धरणारे अ‍ॅटिकस अखेर मान्यता देतात, आणि स्काउटलाही ते पटते. वाचकाचे मन निवते.

आमचे मात्र निवत नाही. बूसाठी दया दाखविणारी एक नोंद खोटी लिहिता आली; टॉमसाठी खरी नोंदही कोणास लिहिता आली नाही. जो नियम गोऱ्या एकलकोंड्यापुढे वाकला, तो टॉमपुढे ताठच उभा राहिला. लेखिकेने हे दोन कागद शेजारी ठेवले आहेत. परंतु ते ताडून पाहण्याचे काम तिने वाचकावर सोडले आहे, आणि शेवटच्या समाधानात बहुतेक वाचक ते विसरतात. कादंबरीचे वैगुण्य आम्हांस येथे वाटते. मुलीच्या नजरेने तिला ताजेपणा दिला, त्याच नजरेने तिला मर्यादाही घातली. टॉमच्या मरणाची बातमी येते तेव्हा स्काउट घरी, मावशीसारख्या जपणाऱ्या आत्याच्या चहापानात असते. तेथे जमलेल्या स्त्रिया दूरच्या आफ्रिकेतील लोकांसाठी हळहळत असतात आणि आपल्या घरच्या कृष्णवर्णीय नोकरांविषयी कुरकुरत असतात. हे दृश्य अप्रतिम आहे. परंतु टॉमची पत्नी हेलन बातमी कळताच जमिनीवर कोसळते, ते आपणांस डिलच्या तोंडून कळते. टॉमच्या घराचा उंबरठा कादंबरी ओलांडीत नाही.

या कादंबरीच्या आधी लिहिलेली, परंतु २०१५ साली प्रकाशात आलेली ‘गो सेट अ वॉचमन’ वाचून अनेकांना धक्का बसला. कारण त्यातील वृद्ध अ‍ॅटिकस वर्णविभाजनाची बाजू घेतात. आम्हांस तितकेसे नवल वाटले नाही. व्यवस्थेच्या चौकटीत राहून एकास न्याय मागणे निराळे आणि ती चौकटच अन्यायाची आहे हे ओळखणे निराळे. कागद बिनचूक असला म्हणजे आपले काम झाले, या समजुतीत आमचीही वर्षे गेली आहेत. म्हणूनच आमची वाचकांस विनंती की, ही सुंदर कादंबरी अवश्य वाचावी. मात्र मिटण्यापूर्वी एकदा हेलनच्या दारापर्यंत मागे जाऊन यावे.