राहेलची गाणी आणि ऐकू येणारे शब्द

राहेल या कवयित्रीचे चित्र आपण वीस शेकेलच्या नोटेवर रोज पाहतो. तिच्या कविता मात्र आपल्यापैकी बहुतेकांना पुस्तकातून नव्हे, गाण्यांतूनच ठाऊक आहेत. या गाण्यांबद्दल माझे मत आधीच सांगून टाकते: त्यांच्यामागे वाद्ये जितकी कमी, तितके ते गाणे खरे वाटते. हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. कारण तिच्या हिब्रूतच आहे.

राहेल 1909 साली रशियाहून या देशात आली, तेव्हा तिला हिब्रू बोलता येत नव्हते. रेहोवोत येथे ती आणि तिची बहीण बालवाडीत जाऊन बसत आणि लहान मुलांच्या तोंडून भाषा शिकत. मी आयुष्यभर मुलांना शिकवले, त्यामुळे ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे लगेच उभे राहते. मोठ्या वयाची मुलगी इवल्याशा बाकावर बसली आहे आणि चार वर्षांचे पोर तिचा गुरू झाले आहे! तिच्या कवितेत शेवटपर्यंत हीच भाषा राहिली. ओळी आखूड, शब्द रोजच्या वापरातले. 1927 साली तिने एक लेखही लिहिला. काव्यातला साधेपणा हीच आपल्या काळाची खूण आहे, असे त्यात तिचे म्हणणे होते. ती हे लिहीत होती तेव्हा तिला क्षय झालेला होता आणि ज्या देगान्यात तिला राहायचे होते तेथून तिला निघावे लागले होते. 1931 साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी ती गेली.

‘वे-उलाय’ ही कविता त्या गमावलेल्या दिवसांची आहे. किनेरेतच्या काठचे ते कष्टाचे, आनंदाचे दिवस खरेच आले होते की आपल्याला नुसते स्वप्न पडले, असे ती स्वतःलाच विचारते. चाल येहुदा शारेत यांची. यागूर किबुत्सचे हे संगीतकार म्हणजे आपले दुसरे पंतप्रधान मोशे शारेत यांचे बंधू. त्यांनी चालीला रडवेले केले नाही, हे त्यांचे मोठेपण. मनाशी बोलावे तशी ती चालते. हेच गाणे समारंभात साठ माणसांच्या कोरसमध्ये आणि तुताऱ्यांच्या साथीत ऐकले की मला गंमत वाटते. कवितेच्या नावाचाच अर्थ ‘आणि कदाचित’. साठ माणसे एका दमात, छाती पुढे काढून ‘कदाचित’ कशी म्हणणार? संशय एकट्याचा असतो.

‘झेमेर नुगे’ला श्मुलिक क्राऊस यांनी चाल दिली. 1967 साली ‘हाखालोनोत हागेव्होहीम’ या त्रयीने ते गायले: क्राऊस, आरिक आइनश्टाइन आणि जोझी काट्झ. ही मंडळी तेल अवीवच्या नव्या जमान्याची, पॉप गाणारी. कवितेला नवे कपडे घालण्याचा मोह त्यांना सहज झाला असता. तसे झाले नाही. दूर असलेल्या माणसाला घातलेली ती हाक त्यांनी हाकच ठेवली. जोझी काट्झ स्वतः अमेरिकेतून आलेली, म्हणजे याही गाण्यात भाषेकडे बाहेरून आलेला एक आवाज आहेच.

नाओमी शेमेर यांचे तसे नव्हते. त्या किनेरेतच्या काठीच जन्मल्या, राहेलच्या ‘किनेरेत’ कवितेला त्यांनी चाल दिली आणि आज दोघी एकाच दफनभूमीत आहेत. ‘येरुशलायिम शेल झाहाव’ त्यांनी 1967च्या मे महिन्यातल्या गीतमहोत्सवासाठी लिहिले, आणि गायला कोण हवी होती? शुली नातान, लष्करी सेवेत असलेली, फारशी कोणाला माहीत नसलेली मुलगी. गिटार तिची तिनेच वाजवली. युद्ध तीन आठवड्यांवर होते. ते गाणे मुळात विरहाचे आहे. पुढे मोठ्या ऑर्केस्ट्रांनी त्याचे विजयगीत करून टाकले आणि त्यातली हुरहुर बुजली. ज्यांना तो पहिला आवाज आठवतो त्यांना हा फरक सांगावा लागणार नाही.

आम्ही सत्तरच्या दशकात आलो. उल्पानमध्ये बाई टेप लावीत आणि शब्द लिहून घ्यायला सांगत. ऑर्केस्ट्राच्या गाण्यांत आमची वही कोरी राही. खावा आल्बरश्टाइनचे गाणे लागले की निम्मे तरी उतरे. तीही पोलंडमध्ये जन्मून लहानपणी इकडे आलेली. सतरा वर्षांची असताना याफोच्या रंगमंचावर गिटार घेऊन उभी राहिली, आणि साथीला भावाचे क्लॅरिनेट. तिचा प्रत्येक उच्चार धुतलेल्या तांदळासारखा. ज्याला भाषा येत नाही त्यालाही अशा गाण्यात पाय ठेवायला जागा मिळते.

पण गिटार एकटी असली म्हणजे गाणे चांगलेच, असेही नाही. हल्लीचे काही गायक इतके पुटपुटतात की एका गिटारीतही शब्द सापडत नाही. त्यापेक्षा ऑर्केस्ट्रा परवडला.

मराठीत ही रीत आपल्याला नवी नव्हती. गजानन वाटवे पेटी घेऊन बसत आणि गणेशोत्सवात रस्ताभर माणसे कविता ऐकत. आधी कविता, मग चाल. आपल्या आज्या बायबलमधल्या कथांवरची मराठी गाणी म्हणत, तेव्हा एवढेही वाद्य नसे. आता आपल्या मेळाव्यांत तीच गाणी कीबोर्डवर, तयार ठेक्यासह, भिंती हादरवणाऱ्या स्पीकरमधून येतात. नातवंडे सुरेख नाचतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण गाणे कशाविषयी होते हे मी चार-पाच जणांना विचारले, तेव्हा एकालाही सांगता आले नाही. त्यांना मराठी येत नाही, हे उत्तर पुरेसे नाही. आम्हालाही हिब्रू येत नव्हते.

पुढच्या मेळाव्यात एक-दोन गाणी तरी नुसत्या पेटीवर व्हावीत, आणि शब्द हिब्रू लिपीत छापून मुलांच्या हातात द्यावेत. छापण्याचे काम मी करीन. पेटीही आमच्याकडे आहे. तिची एक पट्टी दाबली की वर येत नाही, पण भाता उत्तम आहे. कोणी वाजवणारे असेल तर घेऊन जावी.