‘शासनसंलग्न’ : एका विशेषणाचा वाद

एप्रिल २०२३च्या आरंभी ट्विटरने (आजचे ‘एक्स’) अमेरिकेतील ‘नॅशनल पब्लिक रेडिओ’ या नभोवाणी संस्थेच्या खात्यावर ‘शासनसंलग्न’ अशी खूण लावली. ‘संलग्न’ या पदात आज्ञाधारकतेचा ध्वनी आहे. केवळ द्रव्यसाहाय्य त्यातून सूचित होत नाही. विशेष हे की, ट्विटरच्या तोवरच्या नियमावलीत ज्यांना ही खूण लागू नाही त्यांचे उदाहरण म्हणून याच संस्थेचे नाव होते. पुढे ‘शासनसाहाय्यित’ असा पालट झाला. परंतु संस्थेच्या म्हणण्यानुसार संघशासनाचा थेट वाटा तेव्हा तिच्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या एक टक्क्याहूनही कमी होता. विशेषण निखालस खोटे नव्हे, म्हणूनच त्याचे खंडन अवघड. वाचकाने वृत्त वाचण्यापूर्वीच वक्त्याविषयीचा निर्णय त्याच्या हाती दिला जात होता.

१२ एप्रिल रोजी संस्थेने आपल्या ५२ अधिकृत खात्यांवरील लेखन थांबविले. बी.बी.सी.ने मात्र तेथेच राहून आक्षेप घेतला व ‘सार्वजनिक निधीवर चालणारी’ हा पर्याय मिळविला. हा मार्ग व्यवहार्य खरा. पण नामकरणाचा अधिकार माध्यमचालकाचा, हे त्यात मान्यच करावे लागते. त्या मानाने अमेरिकन संस्थेची भूमिका अधिक सुसंगत होय. तीतही एक फट राहिलीच. वार्ताहरांनी वैयक्तिक खाती चालवावीत की नाही, हे ज्याच्या त्याच्यावर सोपविले गेले. संस्थेचे मौन आणि तिच्याच वार्ताहराचे बोलणे यांतील सीमा वाचकाने कशी ओळखावी, याचे उत्तर या व्यवस्थेतून मिळत नाही.