शब्द कुणाचे, हमी कुणाची? : शाळेतल्या 'डायरेक्ट-इनडायरेक्ट'विषयी

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं इंग्रजी व्याकरणाच्या एका धड्यावर व्याख्यान का द्यावं, असा प्रश्न आजचा विषय वाचून काहींना पडला असेल. त्याचं कारण एक वही आहे.

परवा पैठणला आमच्या शेजारची नववीतली मुलगी ती वही घेऊन आली. 'आज सकाळी घरात कोण काय म्हणालं ते इंग्रजीत लिहा' असा वर्गपाठ होता. तिनं लिहिलं होतं, 'फादर सेड दॅट ही विल गो टू संभाजीनगर टुमारो.' लाल शाईनं 'विल'चं 'वुड' झालं होतं आणि 'टुमारो'चं 'द नेक्स्ट डे'. मुलगी म्हणाली, "आजोबा, बाबा अजून गेलेच नाहीत. उद्याच जाणारेत. मग माझं चुकलं कुठं?"

आम्ही वही दोनदा पाहिली. तिचं चुकलेलं नव्हतं. सकाळी ऐकलेलं तिनं दुपारी लिहिलं, 'उद्या' अजून उद्याच होता. तपासणाऱ्याच्या डोक्यात मात्र एक तक्ता होता. नाऊचं देन, हिअरचं देअर, टुडेचं दॅट डे, टुमारोचं द नेक्स्ट डे. हा तक्ता आपण सगळ्यांनी पाठ केलेला आहे. परीक्षेत 'सूचनेप्रमाणे बदल करा' असा प्रश्न येतो, एक वाक्य, एक गुण. अवतरणचिन्हं काढा, 'दॅट' घाला, काळ एक पायरी मागे न्या, सर्वनाम बदला, झालं. बेरीज-वजाबाकीसारखं. आमची तक्रार या 'झालं'बद्दल आहे.

आधी एक न्याय करू. नियम खोटे नाहीत. चांगल्या इंग्रजी व्याकरणांत स्पष्ट सांगितलेलं असतं की सांगणारा त्याच दिवशी, त्याच जागी असेल तर 'टुमारो', 'हिअर' तसेच राहू शकतात, आणि बोललेली गोष्ट अजून खरी असेल तर काळ मागे नेलाच पाहिजे असं नाही. गाईडातल्या तक्त्यात उतरताना नेमकी ही अट गळते. आणि अट गळली की नियमाचं कारणच गळतं.

कारण काय आहे ते आपल्या गावातल्या उदाहरणानं पाहू. जायकवाडीचे दरवाजे उघडायचे असले की गोदाकाठच्या गावांना आधी सूचना जाते. समजा सोमवारी कुणीतरी सांगितलं, "उद्या पाणी सोडणार आहेत." ऐकणारा मंगळवारी सकाळी काठावरच्या वस्तीत गेला आणि म्हणाला, "साहेब म्हणाले की उद्या पाणी सोडणार आहेत." शब्द तंतोतंत साहेबांचे. एक अक्षर बदललेलं नाही. पण वस्तीतली माणसं बुधवार समजून जनावरं काठावरच ठेवतील. शब्द जपले आणि निरोप खोटा झाला.

'टुमारो'चं 'द नेक्स्ट डे' करायचं ते यासाठी. 'उद्या', 'इथं', 'मी', 'तू' हे शब्द बोलणाऱ्याच्या पायाखालच्या जागेवरून मोजलेले असतात. सांगणारा वेगळ्या जागी, वेगळ्या दिवशी उभा असेल तर त्याला नव्यानं मोजावं लागतं. त्यानं मंगळवारी 'आज' म्हणायला हवं होतं. तक्त्यात तर 'टुमारो'चं 'टुडे' कुठंच नसतं. मुलांना हे पाण्याचं उदाहरण दिलं तर ती तक्त्याशिवाय बरोबर उत्तर देतील. तक्ता दिला तर पाठ करतील, आणि पुराच्या वेळी चुकतील.

आता सर्वनामांकडे येऊ. मराठी मूल 'तो म्हणाला की मला भूक लागली आहे' याचं इंग्रजी करताना 'ही सेड दॅट आय अ‍ॅम हंग्री' असं लिहितं. वर्गात हसू होतं. पण ते मूल ढ नाही. ते मराठीचं व्याकरण इमानानं पाळतंय. मराठीत 'की' आल्यावरही मूळ बोलणाऱ्याचा 'मी' तसाच राहू शकतो, काळही तसाच राहतो. आपल्याकडे दुसऱ्याचं बोलणं सांगण्याची चांगली चार अवजारं आहेत. 'की' आहे. '"येतो" असं म्हणाला' यातला 'असं' आहे. '"पाऊस येईल" म्हणून छत्री घेतली' यातला 'म्हणून' आहे, तो न उच्चारलेला विचारही सांगतो. आणि 'म्हणे' आहे. 'तो परगावी गेला म्हणे.' एका शब्दात आपण सांगून टाकतो की हे आम्ही पाहिलेलं नाही, ऐकीव आहे, हमी आमची नाही. इंग्रजीला यासाठी वेगळं क्रियाविशेषण शोधावं लागतं. इतकं भांडवल घेऊन मूल इंग्रजीच्या तासाला येतं, आणि तिथं त्याची कुणी विचारपूसही करत नाही.

मराठीचं सगळंच निर्दोष आहे, असंही आम्ही म्हणणार नाही. हे वाक्य घ्या : 'गणपत म्हणाला की मी चोर आहे.' चोर कोण? गणपतनं कबुली दिली, की आमच्यावर आरोप केला? बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं, कागदावर कळत नाही. इंग्रजीत हा गोंधळ होत नाही. कबुली असेल तर 'ही वॉज अ थीफ', आरोप असेल तर 'आय वॉज अ थीफ'. उलट 'राम टोल्ड श्याम दॅट ही हॅड फेल्ड' यात नापास कोण, राम की श्याम, ते इंग्रजी सांगत नाही. मराठीत 'मी नापास झालो' किंवा 'तू नापास झालास' म्हटलं की संपलं. म्हणजे एका भाषेनं एक दार लावलंय आणि दुसरं उघडं ठेवलंय, दुसरीनं नेमकं उलट केलंय. इंग्रजी सांगणाऱ्याला सांगते, तू तुझ्याच जागेवर उभा राहा आणि तिथून सांग. मराठी त्याला मूळ बोलणाऱ्याच्या जागेवर जाऊन उभं राहू देते. दोन्ही भाषा शेजारी ठेवून एवढं शिकवलं तर एका तासात व्याकरणही होईल आणि विचारही.

यापुढची पायरी अर्थाची. समजा पंचवटीत दारात आलेला यती पाहून सीता मनाशी म्हणाली, "दारात यती आला आहे." तो यती रावण होता, हे आपल्याला ठाऊक आहे. मग 'सीता म्हणाली की दारात रावण आला आहे' असं सांगितलं तर चालेल का? माणूस तोच आहे. तरी वाक्य खोटं आहे. नुसतं खोटं नाही, त्यात सीतेवर अन्याय आहे. ती रावण ओळखून बाहेर आली, असा त्याचा अर्थ होतो. जर्मन तत्त्वज्ञ गोटलोब फ्रेग यांनी 1892 साली एका निबंधात हा प्रश्न मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दुसऱ्याचं बोलणं सांगताना शब्द वस्तूकडे बोट दाखवत नाहीत, ते त्या माणसाला वस्तू कशी दिसली त्या अर्थाकडे बोट दाखवतात. आपल्या कथेकऱ्याला हे न वाचताही कळतं. रोजच्या भांडणात, बातमीत, गावगप्पांत मात्र आपण सर्रास यतीच्या जागी रावण घालतो. 'तो म्हणाला की त्या लबाडाला बोलवा.' तो 'लबाड' म्हणाला होता, की नाव घेतलं होतं?

आणखी पाहा. 'सेड'च्या जागी 'ऑर्डर्ड' घालायचं की 'रिक्वेस्टेड', हे मुलं 'प्लीज' आहे का ते बघून ठरवतात. 'दार उघड' ही आज्ञा, विनंती की धमकी, हे शब्दांत नसतं. कोण कुणाला, कोणत्या वेळी म्हणालं, त्यात असतं. म्हणजे ते क्रियापद निवडताना मूल एका माणसाविषयी निवाडा देत असतं. आपण त्याला एवढं मोठं काम देतो, आणि ते काम आहे हेच सांगत नाही.

आमचं म्हणणं एका वाक्यात सांगतो. अवतरणचिन्हं लावणं म्हणजे शब्दांची हमी देणं, आणि 'की' लावणं म्हणजे अर्थाची हमी देणं. ही दोन वेगळी वचनं आहेत. एक दुसऱ्याचं नुसतं रूपांतर आहे असं शिकवलं की दोन्ही वचनं बुडतात.

हा फरक पैठणच्या माणसाला बाहेरून शिकायची गरज नाही. एकनाथ महाराजांनी दोन्ही कामं केली आणि ती वेगळी ठेवली. भागवताचा अकरावा स्कंध त्यांनी मराठीत सांगितला. सुरुवात पैठणला, समाप्ती 1573 साली काशीत. मूळ श्लोक 1,300 हून अधिक, नाथांच्या ओव्या 18,000 हून अधिक. इथं नाथ अर्थाची हमी घेतात. शब्द त्यांचे, दृष्टान्त त्यांचे, नाममुद्राही त्यांची. त्यांनी हे कुठं लपवलेलं नाही. मग शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तोवर प्रतींमध्ये पाठभेद शिरले होते. तिथं त्यांनी आपली कविता बाजूला ठेवली, आणि यापुढं कुणी या ग्रंथात आपली ओवी घालू नये, असं शेवटी बजावून ठेवलं. एवढा समर्थ कवी. एखादी ओवी घातली असती तर कुणाला कळलं असतं? पण तिथं वचन शब्दांचं होतं. भारुडात तर ते तिसरंच करतात. जोहार घालणारा, जोशी, वासुदेव असा कुणीतरी 'मी' म्हणून बोलतो. तो 'मी' नाथांचा नाही, हे श्रोत्याला अवतरणचिन्हांशिवाय कळतं, कारण सोंग उघड आहे.

सोंग उघड नसेल तर काय होतं, ते पोलीस ठाण्यातल्या जबाबात दिसतं. 'मी समक्ष विचारल्यावरून सांगतो की' असा तो कागद सुरू होतो. 'मी' साक्षीदाराचा, लेखणी पोलिसाची. कायदा बनवणाऱ्यांनी हा धोका ओळखला होता. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 161 खालच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही, असं कलम 162 सांगत होतं. 1 जुलै 2024 पासून त्यांची जागा नव्या संहितेच्या कलम 180 आणि 181 नं घेतली, तत्त्व तेच राहिलं. तो जबाब म्हणजे कोर्टातली साक्ष नव्हे. कारण तो 'मी' दुसऱ्यानं लिहिलेला 'मी' आहे. पण आपल्या नावावर काय लिहिलं गेलं ते वाचून 'हे मी असं म्हटलं नव्हतं' असं म्हणायला माणसाला हा फरक कुणीतरी शिकवलेला असावा लागतो. तो शिकवायची जागा नववीचा वर्ग आहे.

शिक्षक मित्र म्हणतील, सर, वर्गात साठ-सत्तर मुलं, अभ्यासक्रम पुरा करायचा, एका गुणासाठी एवढं कुठं करता? अडचण खरी आहे. म्हणून आम्ही फार मागत नाही. तक्ता राहू द्या, पण वाक्याबरोबर तीन गोष्टी द्या : कोण कुणाला सांगतंय, कुठं सांगतंय, कधी सांगतंय. एवढं नसेल तर त्या प्रश्नाला एकच उत्तर असूच शकत नाही. दुसरं, आठवड्यातून एकदा मुलांना घरातलं एखादं खरं वाक्य आणायला लावा आणि ते आधी मराठीत चारही अवजारांनी सांगायला लावा, मग इंग्रजीत. तिसरं, मुलाचं उत्तर तक्त्याशी जुळलं नाही तर लाल शाई उचलण्याआधी एकदा विचारा, "तू असं का लिहिलंस?"

त्या मुलीला आम्ही सांगितलं, "बाळ, तुझं वाक्य बरोबर आहे. परीक्षेत मात्र कधी आणि कुठं ते दिलेलं नसेल तर तक्त्यासारखं लिही." हे सांगताना आम्हाला बरं वाटलं नाही. खरं एक आणि गुणांचं एक, असं चौदा वर्षांच्या मुलीला सांगावं लागणं हीच या धड्यावरची आमची टीका आहे. ती वही मिटून म्हणाली, "म्हणजे सरांना सांगू का, आजोबा म्हणाले की मी बरोबर आहे?"

आम्ही म्हटलं, "सांग. पण यातला 'मी' कोण, ते त्यांना नीट समजावून सांग."