स्नायूंतले ‘विष’ आणि मालीशवाल्याची परीक्षा

हल्ली शहरांत ‘डीप टिश्यू मसाज’च्या पाट्या बऱ्याच दिसतात. खोलवर दाब दिला की स्नायूंत साचलेले लॅक्टिक आम्ल व इतर ‘विषे’ बाहेर पडतात, स्नायूंवरचे आवरण (फॅशिया) सैल होते आणि जितके दुखेल तितका गुण येतो, असे दावे केले जातात. पाठ धरलेल्या माणसाने मालीश करणारा निवडायचा कसा? हे दावे तपासणे हीच निवडीची पहिली पायरी आहे.

लॅक्टिक आम्लाच्या दाव्याचे मूळ काही अंशी आपल्या वर्गातच आहे. जोरात पळाल्यावर हे आम्ल साचते व पायात गोळे येतात, असे आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो. १९०७ मध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग केले. ऑक्सिजनविना आकुंचन पावणाऱ्या स्नायूत हे आम्ल साचते, असे त्यांना आढळले. पण तो स्नायू शरीरापासून अलग केलेला होता. त्यात रक्ताभिसरणच नव्हते. मग आम्ल जाणार कुठे? जिवंत माणसात यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज बनवते; हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात त्याची पातळी पूर्ववत होते. अंगदुखी मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते. तोवर निघून गेलेल्या पदार्थावर तिचा दोष कसा ठेवायचा?

कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर उलटेच दिसले. व्यायामानंतर हाताला मालीश केल्यावर दाबामुळे रक्तप्रवाह घटला आणि लॅक्टिक आम्लाचा निचरा मंदावला. फॅशियाचेही तसेच. २००८ च्या एका गणिती अभ्यासानुसार मांडीवरचे आणि तळपायाचे जाड आवरण एक टक्का दाबायलासुद्धा माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचे बल लागते.

मग मालीश निरुपयोगी आहे काय? तसे म्हणणे घाईचे होईल. २०१२ मध्ये मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी ११ तरुणांच्या स्नायूंचे नमुने तपासले. लॅक्टिक आम्लात फरक नव्हता, पण दाहाशी संबंधित रासायनिक संकेत कमी झालेले होते. कंबरदुखीवरील २५ चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०१५ मध्ये निघाला. काही रुग्णांना थोड्या काळापुरता आराम मिळतो, पण पुरावा कच्चा आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. थोडक्यात, आराम खरा असू शकतो. त्याचे सांगितले जाणारे कारण मात्र खोटे आहे.

कारण चुकीचे असले म्हणून बिघडले कुठे, असे कोणी विचारेल. बिघडते ते असे: ‘विष काढायचे’ असे मानणारा माणूस दुखेल तितके अधिक दाबतो. पोटरी दुखते, सुजली आहे, गरम लागते, तेव्हा आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती दाबाने सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना खोल दाबाने आत रक्तस्राव होऊ शकतो. ठिसूळ हाडांच्या वृद्धांना फ्रॅक्चरची भीती असते.

म्हणून मालीशवाल्याची परीक्षा त्याच्या बोटांच्या ताकदीवरून करू नये. हात लावण्याआधी तो काय विचारतो, ते पाहावे. औषधे, जुने आजार, शस्त्रक्रिया, सूज, मुंग्या यांची चौकशी तो करतो का? ‘थांबा’ म्हटल्यावर थांबतो का? ‘हे माझे काम नाही, आधी डॉक्टरांना दाखवा’ असे सांगतो का? शिक्षण कुठे व किती झाले, हेही विचारावे. न्यूयॉर्क राज्यात मालीशच्या परवान्यासाठी किमान १००० तासांचे शिक्षण लागते. आपल्याकडे फिजिओथेरपी ही विद्यापीठाची पदवी आहे. मालीशच्या प्रमाणपत्राचे वजन मात्र संस्थेगणिक बदलते.

वर्गात श्वसनाचा धडा शिकवताना फळ्यावर दोन वेळा शेजारी लिहा: आम्ल ओसरायला एक तास, दुखणे वाढायला दोन दिवस. पुढचा प्रश्न मुलेच विचारतील.