दानाची मोजणी आणि सहकार्याची घडण : सर्व सेवा संघाच्या कार्याची चिकित्सा

प्रास्ताविक

महात्मा गांधींच्या हत्येनंतर मार्च १९४८ मध्ये त्यांचे सहकारी सेवाग्राम येथे एकत्र आले. तेथील विचारमंथनातून सर्वोदय समाज आणि सर्व सेवा संघ आकारास आले. सर्वोदय समाज हे केवळ विचारांचे नाते मानणाऱ्यांचे बंधनरहित मंडळ होते. रचनात्मक कार्याला संघटित रूप देण्याची जबाबदारी संघाकडे आली. अहिंसा आणि ऐच्छिक सहकार्य यांच्या बळावर समाजरचना बदलता येते, ही संघाची मूलभूत धारणा होय. विनोबा भावे यांनी १९५३ च्या चांदील संमेलनात तिला ‘तिसरी शक्ती’ असे नाव दिले. ही लोकशक्ती हिंसेच्या विरोधी आणि राज्याच्या दंडशक्तीहून भिन्न असावी, अशी त्यांची भूमिका होती. या धारणेचे व्यवहारात काय झाले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दान आणि सहकार्य

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदान चळवळीचा आरंभ येथूनच झाला. १९५७ पर्यंत पाच कोटी एकर जमीन मिळविण्याचे लक्ष्य पुढे ठेवण्यात आले. प्रत्यक्षात सुमारे ४२ लाख एकरांची दानपत्रे मिळाली. त्यांपैकी सुमारे निम्मी जमीन एकट्या बिहारमधील होती. बरीचशी जमीन नापीक वा वादग्रस्त निघाली आणि मोठा भाग वाटपाविना राहिला. दात्यांनी चळवळीची फसवणूक केली, असा निष्कर्ष यावरून सामान्यतः काढला जातो. तो काही अंशी खरा असला तरी अपुरा आहे. कारण त्यात दोष फक्त दात्यावर येतो आणि संस्थेची कार्यपद्धती तपासावयाची राहून जाते.

येथे दान आणि सहकार्य यांत भेद करणे आवश्यक आहे. दानपत्रावरील सही ही एका दिवसाची संमती असते. सहकार्य ही रोज नव्याने द्यावयाची संमती होय. मोजणी, फाळणी, बैल, बियाणे, पाणी आणि शेजाऱ्याशी होणारा बांधाचा तंटा या सर्वांतून ती टिकवावी लागते. संघाने पहिल्या संमतीची मोजदाद केली. दुसरीच्या जोपासनेची व्यवस्था मात्र तितक्या निगुतीने केली नाही.

नोव्हेंबर १९५६ मधील पळणी येथील निर्णय या दृष्टीने महत्त्वाचा आहे. संघाने गांधी स्मारक निधीचे साहाय्य नाकारले आणि जिल्हा-प्रांत पातळीवरील भूदान समित्या विसर्जित केल्या. ‘निधिमुक्ती’ आणि ‘तंत्रमुक्ती’ या नावांनी ओळखला जाणारा हा निर्णय नैतिकदृष्ट्या असामान्य होता; कार्यरत यंत्रणा स्वेच्छेने मोडणाऱ्या संस्था विरळाच. परंतु मिळालेल्या जमिनींची निगराणी करणारे हातही त्याबरोबर कमी झाले. उत्तर प्रदेश, बिहार आणि विदर्भ ज्याचा तेव्हा भाग होता त्या मध्य प्रदेशात भूदानाचे कायदे याआधीच झाले होते. वाटपाचे काम उत्तरोत्तर या कायद्यांखालील मंडळांच्या आणि महसुली दप्तराच्या अधीन गेले. दंडशक्तीहून भिन्न असू पाहणारे कार्य दंडशक्तीच्याच आधाराने उभे राहिले, ही यातील विसंगती होय.

ग्रामदानाचा अनुभव

१९५२ मध्ये उत्तर प्रदेशातील मंगरौठ येथून ग्रामदानाची कल्पना पुढे आली. पुढे ‘सुलभ ग्रामदाना’त मालकी ग्रामसभेकडे, विसावा हिस्सा भूमिहीनांना आणि उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा ग्रामकोषास, अशी रचना ठरली. तत्त्वतः ही रचना रोजच्या सहकार्याची होती. तथापि मोहिमेच्या वेगात संकल्पपत्रांचे आकडेच यशाचे माप ठरले. ऑक्टोबर १९६९ च्या राजगीर संमेलनात ‘बिहारदान’ पूर्ण झाल्याचे मानले गेले. १९७० मध्ये जयप्रकाश नारायण मुजफ्फरपूर जिल्ह्यातील मुसहरी प्रखंडात राहावयास गेले, तेव्हा यांतील पुष्कळ ग्रामदाने कागदावरच असल्याचे त्यांना आढळले. हे त्यांनी लपविले नाही, हे या परंपरेच्या सत्यनिष्ठेचे गमक मानले पाहिजे.

१९७४ मध्ये बिहार आंदोलनाच्या प्रश्नावर संघातच तीव्र मतभेद झाले. सर्वसंमतीने निर्णय हे संघाचे ब्रीद होते. परंतु सर्वसंमती न झाल्यास काय करावे, याचा अभ्यास झालेला नव्हता. सत्य, अहिंसा आणि संयम पाळून ज्याने त्याने आपल्या मार्गाने जावे, असा तोडगा विनोबांनी सुचविला. त्याने कटुता टळली असेल, पण पूर्वीचे ऐक्य परतले नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचा क्रम याच्या उलट आहे. तेथे अभ्यासगट आणि सर्वसहमतीने चालणारी गावसभा आधी घडली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार गावसभेकडे आला. ग्रामदानाचा निर्णय २०१३ मध्ये, महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ च्या आधारे झाला. म्हणजे येथेही कायदा आहेच; परंतु तो अगोदर रुजलेल्या सहकार्याच्या मागून आला. एका गावावरून सर्वत्र लागू होणारा सिद्धांत मांडता येणार नाही, तरी क्रमाचे महत्त्व त्यावरून ध्यानी येते.

समारोप

वरील विवेचनावरून अहिंसक समाजरचनेचा विचार फोल ठरतो, असे म्हणता येत नाही. लाखो एकर जमीन बळजबरीविना मागता येते आणि काही प्रमाणात मिळतेही, हे या चळवळीने दाखविले. अपयश आले ते मापात. ऐच्छिकतेचे मोल आकड्यांनी ठरू लागले की संमतीचे नाव राहते आणि तिच्यामागील श्रम दिसेनासे होतात. हा प्रश्न महाविद्यालयांनाही परका नाही. बिहारदान ज्या वर्षी घोषित झाले त्याच १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीनिमित्त, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यात स्वयंसेवकाचे वर्षाचे १२० तास नोंदवहीत भरले जातात. शिबिर उठल्यानंतर त्या गावाशी कोणता संबंध उरतो, हे पाहण्याची सोय मात्र त्या नोंदवहीत असतेच असे नाही. संघाच्या अनुभवाचा अभ्यास यासाठी उपयुक्त ठरेल.